बाईंच्या तीन पायऱ्या

मित्रांनो, मी एक जुने, तीन पायऱ्यांचे लाकडी स्टूल आहे. वाचनालयाच्या बालविभागात, खिडकीपाशी तुम्ही मला पाहिले असेल.

सुताराने मला बनवले ते बाईंसाठीच. बाई तेव्हा याच वाचनालयात, फाटकी पुस्तके शिवण्याच्या खोलीत काम करत. उंची बेताची, आवाज मात्र खणखणीत! मुख्य ग्रंथपाल निवृत्त झाले आणि त्या जागेसाठी बाईंनी अर्ज केला. तोवर त्या जागेवर एकही स्त्री आली नव्हती. समितीचे अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो बाई, वरच्या फळीला हात तरी पोचतो का तुमचा?"

"त्यासाठी स्टूल आहे की," बाई म्हणाल्या. "पण कपाटांना कुलपं घातलीत, तिथे काय लावू?"

खरेच, तेव्हा सगळी पुस्तके कुलपात असत. वाचकाने खिडकीतून नाव सांगायचे आणि हाती पडेल ते मुकाट्याने न्यायचे. बाईंना कपाटे उघडी हवी होती. बरीच नाके मुरडून झाल्यावर समितीने त्यांना एक वर्ष दिले. पुस्तके गेली, तर बाईंनी पुन्हा शिवणखोलीत जायचे, असे ठरले.

कुलपे निघाली. वाचक आधी बिचकले, मग असे रमले की संध्याकाळी त्यांना अक्षरशः हुसकावून लावावे लागे. मला तर दिवसभर उसंत नसे.

वर्ष संपताना मोजणी झाली. एकेचाळीस पुस्तके कमी! बाई माझ्यावर उभ्या होत्या. त्यांनी वरच्या फळीपासून पुन्हा सगळी मोजली.

शिवणखोलीतली मैत्रीण हळूच म्हणाली, "ती पुस्तकं जीर्ण झाली म्हणून काढून टाकली, असं दाखव ना. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला उचलून दाराबाहेर ठेवले आणि वर पाटी लावली : 'आमची एकेचाळीस पुस्तके अजून घरी आलेली नाहीत. इथे ठेवून जा. कोणी काही विचारणार नाही.'

पहिले दोन दिवस माझ्यावर एक मांजर तेवढे बसले. तिसऱ्या दिवशी एक पुस्तक आले, मग चार, मग ढीग. शेवटची दोन अध्यक्षांच्या आई घेऊन आल्या, तेही थेट समितीच्या बैठकीत. "आमच्या चिरंजीवांच्या उशाखाली सापडली हो! लहानपणापासून असाच आहे, घेतलेली वस्तू जागेवर ठेवेल तर शपथ!"

अध्यक्ष कानापर्यंत लाल झाले. बाई मात्र हसल्या नाहीत. "अजून तीन यायची आहेत," त्यांनी सरळ सांगितले, "पण वाचक तिप्पट झालेत." त्या दिवशी बाई कायमच्या ग्रंथपाल झाल्या. तेवीस वर्षे त्यांनी ते काम केले. दूरदूरचे ग्रंथपाल आमची उघडी कपाटे बघायला येत आणि जाताना माझेही माप घेऊन जात.

बाई निवृत्त झाल्या, लोखंडी शिडी आली आणि मी रंगाच्या डब्यांखाली अडगळीत पडले. एक पाय निखळला. कोणी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी नव्या ग्रंथपाल ताईंनी मला बाहेर काढले, पाय जोडला आणि तुमच्यात आणून ठेवले.

गेल्या महिन्यात बाई काठी टेकत आल्या. माझ्यावर टेकल्याच होत्या, तोच एक चिमुरडी टाचा उंचावून पुस्तक काढताना दिसली. बाई लगेच उठल्या. "ये गं, चढ. मी धरते."

मित्रांनो, तुम्हीही जरूर चढा. पुस्तक वाचून झाले की जागेवर ठेवा. आणि माझा पाय डुगडुगू लागला तर ताईंना वेळीच सांगा. मला अजून खूप जणांना वर पोचवायचे आहे.