चार ठोकळे

“ही खुर्ची केवढी उंच रे! माझे पाय लोंबकळतायत पोरीसारखे,” ताई आपल्या सुतार भावाला म्हणाली.

ती न कळवता आली होती आणि हक्कानं घरातल्या एकुलत्या चांगल्या खुर्चीत बसली होती. त्या खुर्चीच्या पायांना चार ठोकळे त्यानंच ठोकले होते. चार बोटं उंची वाढली, तेव्हा कुठे त्याला बायकोचा हात न धरता उठता येऊ लागलं. ‘तिथून ऊठ’ म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तो बुटक्या स्टुलावर बसला.

तीन वर्षांपूर्वी ताईनं त्याला आपली किडनी दिली होती. “दोन-दोन घेऊन काय करायचंय मला?” म्हणाली होती. किडनी ठणठणीत होती. अंगातला जोर मात्र आजारपणात गेला तो गेलाच, उरलासुरला औषधांनी खाल्ला. सांगितलेला व्यायाम त्यानं इमानेइतबारे केला. तरी लाकूड तासायचा रंधा वर्षभर फळीवर गंजत पडला होता. फोनवर तो ताईला नवी दारं, नवी कपाटं सांगत राही.

“काम काय म्हणतंय?”

“डोकं वर काढायला फुरसत नाही.”

“आणि माझी ती किडनी?”

“तुझ्यासारखीच. घटकाभर स्वस्थ बसत नाही.”

ताई खळखळून हसली. त्याला स्वतःची लाज वाटली.

“चल, निघते. फाटकापर्यंत ये की नेहमीसारखा.”

त्यानं गुडघ्यांवर हात रोवले. अर्धवट उठला आणि धपकन खाली बसला. पुन्हा तेच झालं.

“पायाला मुंग्या आल्यात गं.”

ताई पिशवी उचलायला वाकली होती. तिला ठोकळे दिसले. मग तिनं फळीवरच्या रंध्याकडे पाहिलं. तिनं त्याच्या काखेत हात घातले आणि ओढलं. तो वीतभर उठला असेल-नसेल, तोच तिचा हात स्वतःच्या कुशीकडे गेला, जुन्या टाक्यांवर.

“सोड ताई. उगीच दिलीस मला.”

“गप्प बस.”

तिनं पिशवी खाली ठेवली. खुर्चीत न बसता ती त्याच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसली.

“मुंग्या जाईपर्यंत थांबते,” ती म्हणाली.

त्याची बायको कामावरून यायला अजून दोन तास होते.