उजव्या बाजूचं पाणी

गेले काही आठवडे बाईंना उताणं झोपवत नव्हतं. खुर्चीत बसूनच डुलकी काढायच्या. घरात विचारणारं कोणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा दूर देशी. शेवटी धाप अगदीच आवरेना, तेव्हा दवाखान्यात गेल्या.

एक्स-रेत उजव्या फुप्फुसाभोवती पाणी दिसलं.

"मावशी, पाणी हा आजार नव्हे," डॉक्टरीण म्हणाली. "ते का साचलंय, हे शोधायचंय."

हृदय ठीक निघालं. मूत्रपिंड, यकृतही ठीक. मग पाठीत सुई घालून पाणी काढलं. लालसर होतं. तपासणीत क्षय नाही, जंतू नाहीत, कर्करोगाच्या पेशीही नाहीत.

"म्हणजे काहीच नाही म्हणा की!" बाई खुलल्या.

"म्हणजे अजून सापडलं नाही. तुम्ही काम काय करायचात?"

"मी घरीच होते."

"आणि काका?"

"कारखान्यात. वाफेच्या पाइपांना ते पांढरं ॲस्बेस्टॉस गुंडाळायचे."

डॉक्टरणीचा पेन थांबला. "त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

"आता दुसरं कोण धुणार?" बाईंना हसू आलं. "आधी गॅलरीत झटकायचे. नुसता पीठ चाळल्यासारखा धुरळा उडायचा."

मग दुर्बीण घालून फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढला. कर्करोग तिथे होता, त्याच धुरळ्याने झालेला. बरा होणार नव्हता. पाणी काढत राहून श्वास मात्र मोकळा ठेवता येणार होता.

"बरोबर कोण आलंय?" डॉक्टरणीने हळूच विचारलं.

"मीच."

घरी येऊन बाईंनी नवऱ्यावर रागावून पाहिलं. जमेना. त्याला तरी कुठे ठाऊक होतं? मुलाला काय सांगायचं, तेही सुचेना. तेवढ्यात नवऱ्याच्या कारखान्यातल्या जोडीदाराची बायको आठवली. तीही नवऱ्याचे तसलेच कपडे झटकायची. पोरांच्या भांडणावरून धरलेला अबोला दोघींपैकी कोणीच सोडला नव्हता. बाईंनी फोन लावला.

"मी बोलतेय."

"आवाज ओळखला. बोल."

"तुला दम लागतो का गं?"

"एवढ्या वर्षांनी हे विचारायला फोन केलास?"

"हो. सांग ना."

"नाही बाई, ठणठणीत आहे मी." मग आवाज खाली आला. "तुला लागतो?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

त्या आठवड्यात ती जुनी मैत्रीण भेटायला आली. बाईंनी आधी तिचा एक्स-रे काढायला लावला. स्वच्छ निघाला.

"पण दरवर्षी दाखवत जा," बाईंनी बजावलं.

मैत्रिणीने मान डोलावली. संध्याकाळच्या बसने ती परत गेली. तिच्याही घरी आजारी माणूस होतं. बाई स्टँडवरून सावकाश चालत, मध्ये मध्ये थांबत घरी आल्या, आणि दिवा न लावताच मुलाचा नंबर फिरवू लागल्या.