पाहुण्याने पाडलेला पोचा

मित्रांनो, माझ्या काठावरच्या पोच्याला हसू नका. मी एक जुनी तांब्याची परात आहे आणि तो पोचा माझा दागिना आहे.

चिपळूणच्या एका तांबटाने मला घडवले. शहरबानूभाभींच्या लग्नात मी आंदण आले आणि त्यांच्याबरोबरच बोटीने कुवेतला पोहोचले. तिथल्या दस्मान वस्तीत त्यांचे यजमान गफूरमियाँ खाणावळ चालवत. जुम्म्याची नमाज झाली की मी भाताने आणि सुरमईच्या सालनाने भरून जाई. कोकणातली माणसे माझ्याभोवती मांडी घालून बसत आणि सगळी माझ्यातूनच जेवत. हमाल कोण आणि कारकून कोण, हे मला कधी कळलेच नाही. माझा काय थाट होता तेव्हा!

१९६३ साली अमेरिकेतल्या मोठ्या मोर्चाच्या बातम्या रेडिओवर येऊ लागल्या. तिथल्या काळ्या माणसांना बरोबरीचा हक्क हवा होता, काम हवे होते आणि कामाचा रास्त पगारही. आमची माणसे कान टवकारून ऐकत. कामाच्या ठिकाणी गोऱ्या साहेबांचे जेवणघर वेगळे आणि आपले वेगळे, हे त्यांनीही पाहिले होते.

अशातच बंदरावर काम करणारे कासमभाई वॉल्टर नावाच्या एका काळ्या अमेरिकन खलाशाला जेवायला घेऊन आले. गफूरमियाँना त्याला कुठे ठेवू नि कुठे नको असे झाले. त्यांनी शेजारून टेबल-खुर्ची मागून आणली, पांढरी चादर अंथरली, चिनी मातीची बशी मांडली आणि पाहुण्याला एकट्यालाच तिथे बसवले.

वॉल्टरने खाली आमच्या पंगतीकडे पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

"आमच्या गावीही मला असेच वेगळे बसवतात," तो हळूच म्हणाला.

कासमभाईंनी त्याचा अर्थ सांगितला, तसे गफूरमियाँ ओशाळून गेले. मान द्यायला गेले आणि अपमान करून बसले! आता हा माणूस उपाशीच उठतो की काय, या भीतीने माझाही जीव टांगणीला लागला. तेवढ्यात पडद्याआडून शहरबानूभाभींचा आवाज आला.

"पाव्हन्याला वेगला कशाला बसवलाव? परातीवर घ्या त्याला."

सगळे सरकून बसले. वॉल्टर बूट काढून खाली आला, पण मांडी घालताना त्याचा तोल गेला आणि त्या धिप्पाड गड्याचा सारा भार माझ्या काठावर आला. भात उडाला तो थेट गफूरमियाँच्या दाढीत. आधी वॉल्टर हसला, मग सगळी खाणावळ हसली. गफूरमियाँनी दाढी झटकत सुरमईची मोठी तुकडी त्याच्यापुढे सरकवली. तसे चविष्ट जेवण पुन्हा झाले नाही, असे मला अजून वाटते.

पुढे कलईवाला पोचा ठोकून काढायला निघाला, तेव्हा गफूरमियाँनी त्याचा हात धरला.

"राहू दे. ती वॉल्टरची जागा हाय."

आता घराघरांत ज्याची त्याची थाळी असते आणि मी माळ्यावर पडून आहे. मित्रांनो, मला कधी खाली काढाल तर चिंचेने घासा, कलई करा. पोचा मात्र तसाच असू द्या आणि जेवायला बसताना त्या बाजूला थोडे सरकून बसा.