तयार बॅट

रणधीरने तिन्ही बॅटी काउंटरवर आडव्या ठेवल्या आणि म्हणाला, "ताई, उचलून बघा. हाताला आपोआप कळतं."

वर्षाराणीने पहिली उचलून लगेच खाली ठेवली. ॲल्युमिनियमची होती, तसल्या दोन शाळेत होत्याच. दुसरी कंपोझिट, म्हणजे धागे-राळेच्या थरांची, कोरी, तेहतीस इंची, तेवीस औंसांची. तिसरीही तेवढीच, पण ग्रिप वापरून काळी पडलेली. वर्षाराणीने ती दोन्ही हातांत धरून दुकानातल्या दुकानात अर्धी फिरवली. वजन पुढे ओढत नव्हतं, मनगटात अलगद बसत होतं. प्रतीक्षाच्या अंगाला अगदी बेताची.

"नवी घेतली तर किती दिवस लागतील तयार व्हायला?"

"दोनशे बॉल तरी मारावे लागतील. दर बॉलाला थोडी थोडी फिरवायची, मग चहूबाजूनं सारखी मोकळी होती. मॅच कधी हाय?"

"सोमवारी."

"मग न्हाय व्हायची. नवी बॅट दगडासारखी ताठ असती." रणधीरने जुन्या बॅटीवर बोट ठेवलं. "ही तयार हाय."

"खेळून?"

रणधीरने नकारार्थी मान हलवली. विद्यापीठाच्या संघांत दोघे एकाच वर्षी होते, तेव्हापासून तो तिला ताई म्हणायचा. सोलापुरात दुकान टाकल्यावरही त्याने तिला कधी फसवलं नव्हतं. आताही फसवलं नाही.

"रोलरमधून काढलीय. दाबली की आतले थर सुटतात, बॉल लई जोरात जातो. नियमात बसत न्हाय. पण वरून दिसत न्हाय काही. मान्यतेचा शिक्का हाय, तडा न्हाय. अंपायर बघून परत देतो."

वर्षाराणी तामलवाडीच्या पुढच्या एका गावात बावीस वर्षं खेळाची शिक्षिका होती. सकाळची कवायत, दोरीच्या उड्या, पंधरा ऑगस्टची संचलनं, आणि या सगळ्यातून वाचवून ठेवलेला एक सॉफ्टबॉलचा संघ. तीन वर्षं ओळीने तिच्या मुली जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात नळदुर्गच्या मुलींकडून हरल्या होत्या. प्रतीक्षाचं हे दहावीचं वर्ष. पुढच्या वर्षी तिच्यासारखी मारणारी मुलगी संघात नसणार होती.

"हीच बांधून द्या," ती म्हणाली.

सोमवारी धाराशिवच्या मैदानावर अंपायरने बॅट हातात घेतली, शिक्का पाहिला, बोट फिरवलं आणि परत दिली. वर्षाराणी तोवर त्याच्या बोटाकडेच बघत होती. पण सामना सुरू झाला तशी ती ते विसरली.

नळदुर्गची पिचर शिवप्रिया. खांद्यापासून पूर्ण चाक फिरवून ती खालून असा बॉल सोडायची, की बघणाऱ्याला हातच दिसू नये. पाचव्या डावात प्रतीक्षाने तिचा तिसरा बॉल मधोमध घेतला. आवाज नेहमीसारखा नव्हता. बॉल ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत गेला. शिवप्रियाचा ग्लोव्ह छातीपर्यंत आला होता. तेवढ्यात ती गुडघ्यावर बसली आणि मग आडवी झाली. दोन्ही तळवे डाव्या डोळ्यावर.

तिला गाडीत घालून सोलापूरला नेलं. सामना पुढे चालू झाला आणि वर्षाराणीच्या मुली चार-तीनने जिंकल्या. चषक घेताना कुणीच नीट हसलं नाही. त्या संध्याकाळी तिने बॅट पोत्यात गुंडाळून क्रीडासाहित्याच्या खोलीत कपाटामागे सरकवली.

चार दिवसांनी प्रतीक्षाची आई कडूबाई शाळेत आली. दारातच उभी राहिली.

"मॅडम, पोरगी जेवत न्हाय. म्हणती, माझ्या हातानं झालं. म्या किती सांगितलं, आयकत न्हाय. तुमचं आयकंल."

वर्षाराणीने प्रतीक्षाला बोलावून घेतलं. ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, मी जरा हळू मारायला पायजे होतं."

"खेळात लागतं, बाळा. तुझा काही दोष नाही."

"मग कुणाचा?"

"कुणाचाच नाही," असं वर्षाराणी म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःच्या आवाजाची किळस आली.

रविवारी ती एकटीच नळदुर्गला गेली. शिवप्रियाचे वडील गौरीशंकर यांचं हमरस्त्यापासून आत सरकी-पेंडीचं दुकान, आणि दुकानामागेच घर. त्यांनी गल्ल्यावरून उठून, "बर्री मॅडम, आत बर्री," असं कानडी धाटणीने बोलावत स्वतः खुर्ची पुढे केली. "एवढ्या लांबून आलात. आमच्या पोरीसाठी तुमच्या शाळेतनं फोन आले, सगळ्यांनी विचारलं. त्यातच सगळं आलं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ऑपरेशन झालं. उजेड तेवढा कळतो त्या डोळ्याला. बाकी येईल असं न्हाय वाटत म्हणले." त्यांनी आत बायकोला हाक मारली, "प्रेमा, चहा टाक. मॅडम आल्यात."

शिवप्रिया बाहेर येऊन कॉटवर बसली. डोळ्यावर पांढरी पट्टी, केस नीट विंचरलेले. तिने आधी प्रतीक्षाची चौकशी केली. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तीन वर्षं मी तिला बॉल टाकते. तिचा फटका कसा येतो मला पाठ हाय. ह्या बारीला मला दिसलाच न्हाय. माझा हात उशिरा गेला ना? आमचे सर म्हणायचे, बॉल सोडला की लगेच ग्लोव्ह वर. मीच ढिली पडले."

गौरीशंकर म्हणाले, "रोज हेच घेऊन बसती. तुम्ही तरी सांगा."

वर्षाराणी घरून निघताना काहीच ठरवून निघाली नव्हती. फळं द्यायची, बसायचं, उठायचं, एवढंच डोक्यात होतं. पण तिकडे एक मुलगी हळू मारलं नाही म्हणून जेवत नव्हती आणि इथे दुसरी ग्लोव्ह उशिरा गेला म्हणून स्वतःला बोल लावत होती.

"तुझा हात वेळेवर होता," ती म्हणाली. "बॅट खोटी होती. मशीनमध्ये दाबून मऊ केलेली, बॉल जास्त जोरात जावा म्हणून. तशी बॅट चालत नाही. मला माहीत होतं. माहीत असूनच मी घेतली. प्रतीक्षाला ठाऊक नव्हतं."

गौरीशंकरांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग आतल्या दाराकडे तोंड करून शांतपणे म्हणाले, "प्रेमा, चहा राहू दे."

वर्षाराणी उठली. शिवप्रियाने तेवढ्यात विचारलं, "म्हणजे मी ढिली नव्हते?"

"नव्हतीस."

मुलीने मान हलवली.

सोमवारी वर्षाराणीने क्रीडा कार्यालयात लेखी दिलं आणि कपाटामागची बॅट टेबलावर ठेवली. त्याआधी तिने मुलींना वर्गात बसवून सगळं सांगितलं. प्रतीक्षाने एकच विचारलं, "बॅट माझ्या हातात दिली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

प्रतीक्षा उठून बाहेर गेली. ती त्यानंतर वर्षाराणीशी कधी बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून ती डबा खाऊ लागली, असं कडूबाईने कुणाकडून तरी कळवलं.

निकाल फिरला. विभागीय सामन्यांना लातूरला नळदुर्गच्या मुली गेल्या, पिचरशिवाय गेल्या आणि पहिल्याच सामन्यात हरून आल्या. वर्षाराणीला पाच वर्षं कुठल्याही संघाबरोबर जाता येणार नव्हतं. शाळेने तिच्याकडे पहिली ते चौथीची कवायत तेवढी ठेवली. सॉफ्टबॉल गणिताच्या सरांकडे गेला. माणूस भला, पण त्यांनी जन्मात बॅट धरली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मैदानाच्या एका टोकाला लहान मुलांच्या रांगा आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या मुलींचा सराव असं चाललं होतं. परीक्षेआधीचे थोडे दिवस प्रतीक्षा खेळायला आली होती. तिचा मागचा कोपर खाली पडत होता. त्यामुळे प्रत्येक बॉल वर उडून जवळच पडत होता. सर "जोरात मार, जोरात" म्हणत होते. ती आणखी जोर लावायची, की कोपर आणखी खाली.

वर्षाराणीने एवढ्या लांबूनही ते पाहिलं. एक शब्द पुरला असता. प्रतीक्षाने घाम पुसत इकडे बघितलं, क्षणभर, आणि पुन्हा पाय रोवून उभी राहिली.

वर्षाराणी लहान मुलांकडे वळली. "हात वर," ती म्हणाली, "एक."