मला कुणी ‘चल’ म्हणेना

मित्रांनो, मी एक जुनं नेटवर्क कार्ड. तळहाताएवढी हिरवी पट्टी, काठाला सोनेरी दात आणि कडेला दोन मिणमिणते दिवे. रुग्णालयाच्या तळघरात, एक्स-रेच्या संगणकाच्या पोटात माझा सारा जन्म गेला. एक्स-रे काढणाऱ्या ताईंनी घेतलेले फोटो तारेवरून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे धाडायचे, हेच माझं काम. “इतकं इमानी काही नाही बाई!” असं ताई म्हणायच्या, तेव्हा मला केवढा आनंद व्हायचा!

पण माझी मर्जी चालत नाही. माझ्यावर एक मुकादम असतो. ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम तो. माझ्यापुढची रांग भरली की तो संगणकाला म्हणतो, “थांब.” जागा झाली की म्हणतो, “चल, येऊ दे.”

एकदा जुना मुकादम गेला, नवा आला. त्याच आठवड्यात एक बस उलटली. जखमींची रीघ लागली, फोटोंवर फोटो आले. रांग गच्च भरली. नवा मुकादम म्हणाला, “थांब.” मी भराभर रांग रिकामी केली आणि वाट पाहिली. ‘चल’ काही येईना! माझ्यापुढे जागाच जागा, पलीकडे फोटोंचा ढीग आणि मधलं दार बंद. अंगात बळ होतं, पण ओरडायला तोंड नव्हतं.

एका चिमुरडीला श्वास घेता येत नव्हता. ताईंनी फोन लावला, “डॉक्टर, फोटो दिसला?”

“कुठला फोटो? पडदा कोराच आहे!”

“मग तुम्हीच खाली या. पोरीची फासळी फुप्फुसात घुसलीय!”

डॉक्टर जिने उतरत धावत आले. ताईंच्या पडद्यावर फोटो पाहिला आणि पोरीला तडक शस्त्रक्रियेला नेलं. पोर वाचली. खापर मात्र माझ्यावर फुटलं.

“कार्ड गेलंय. टाका भंगारात,” रुग्णालयाचे साहेब म्हणाले.

“जरा दम धरा,” संगणक सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांनी मुकादमाचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला आणि कपाळावर हात मारला. “अहो, कार्ड ठणठणीत आहे! रांग थांबवली, पण पुन्हा उघडायचं लिहायलाच विसरलेत.”

त्यांनी राहिलेली ओळ लिहिली. शिवाय रांग काठोकाठ भरण्याआधीच थांबवायची सोय केली. दार उघडलं आणि अडकलेले फोटो धो धो निघाले.

आजही ‘थांब’ ऐकलं की माझे कान ‘चल’कडे लागतात. मित्रांनो, कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर त्याला कामचुकार म्हणण्याआधी एवढंच विचारा: “तुला कुणी अडवून ठेवलंय का रे?”