चकबेरीचं पाऊल

आमच्या वाडीच्या जाखडी नाचात एक पाऊल आहे, त्याला चकबेरी म्हणतात. एक गुडघा मोडायचा, दुसरा पाय पुढे ताठ काढायचा आणि लंगडी घालत रिंगणभर फिरायचं. देवरूखच्या बाजारात कुणी विचारलं तर आमची पोरं खुशाल सांगतात, चकबेरी म्हणजे करवंदासारखं रानातलं फळ. फळ कसलं, कपाळ!

चक बेरी हा अमेरिकेतला गिटारवाला. रॉक अँड रोल ज्यांनी उभं केलं, त्यांच्यातला एक. माझा थोरला भाऊ रावजी तरुणपणी मुंबईत हॉटेलात कपबशा विसळायचा. तिथे एक गोवेकर गिटार वाजवत असाच लंगडत फिरायचा आणि दर वेळी सांगायचा, हे माझं नाही, चक बेरीचं. गणपतीला दादा गावी आला आणि गिटारीऐवजी मुसळ छातीशी आडवं धरून खळ्यात तसाच नाचला. आई म्हणाली, पोराला मुंबई बाधली. तो दादा मला अजून दिसतो आणि जीव तुटतो. आता अर्धांगानं त्याचा डावा पाय उचलत नाही.

यंदा जाखडीच्या स्पर्धेत फर्मान निघालं, जुनं पारंपरिक तेवढंच नाचायचं. दादाचा मुलगा संदेश आमच्या मंडळाचा म्होरक्या. तो घरी येऊन म्हणाला, "बाबा, पाऊल आज्याचं हाय म्हणून सांगू काय? नायतर काढायला लागंल."

"सांग की," मीच म्हटलं. "आज्या काय नाय म्हणायला येतोय?"

 दादा म्हणाला, "काढून टाक."

माझा पाराच चढला. "अरे दादा, तुझ्या पायांचं एवढंच उरलंय."

"माजं कुठं हाय, चिमे? त्या गोवेकराचं पण नव्हतं. त्यानं कधी त्या माणसाचं नाव खाल्लं नाय. मी खाऊ?"

स्पर्धेच्या दिवशी मी घरी दादाजवळच बसले, पण त्याच्यावरचा राग गेला नव्हता. संदेश हात हलवत परत आला.

"बाद केलं आमाला," तो म्हणाला. "पाऊल काढलं नाय मी. माइकवर सांगितलं, हे अमेरिकेच्या चक बेरीचं, आणि आमच्या वाडीत आणलं माज्या बाबांनी, रावजींनी."

दादानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माजं नाव कशाला घेतलंस," एवढंच म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना.