बाण कुणीकडे?

मी घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीचा फिल्टर बोलतोय. सध्या मुक्काम कचऱ्याच्या डब्यात आहे. वरून बर्फ भुरभुरतोय आणि गाडी यायला थोडा वेळ आहे, म्हणून म्हटलं, मनातलं सांगून मोकळं व्हावं. एरवी आम्हाला कोण विचारतं? पाहुणा आला की लोक त्याला दिवाणखाना दाखवतात, फिल्टर कुणी दाखवत नाही.

माझा जन्म काही थाटाचा नाही. पुठ्ठ्याची चौकट, तिच्यात चुण्या घातलेलं पांढरं कापड, पाठीला आधार म्हणून तारेची जाळी आणि कडेवर छापलेला एक बाण. हवा जिकडे जाते तिकडे, म्हणजे भट्टीकडे, तो बाण असावा लागतो. आमचं सगळं शास्त्र एवढंच. पण अमेरिकेच्या उत्तरेला असलेल्या या डुलुथमध्ये वर्षातले सात महिने भट्टी चालते, त्यामुळे हे एवढंसं शास्त्रही इथे जिवापाड जपतात.

माझा मालक रेनो निएमी तर या शास्त्राचा गुरुजीच. जन्मभर बंदरावरची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की हा त्याच्या तळघरात हजर. "बाण भट्टीकडे! उलटा घातलास तर ओळख विसरेन." काम करताना दातांतून शीळ घालायचा. धून एकच, तीही अर्धी. आणि फिल्टर बदलला की त्याच्या कडेवर काळ्या पेनाने तारीख टाकायचा.

ऑक्टोबरच्या अकरा तारखेला त्याने मला खोक्यातून काढलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं आणि तो जिना चढून वर गेला. खाली आला, पुन्हा वर गेला. असं तीनदा. शेवटी त्याने कडेवर तारीख लिहिली आणि मला खाचेत सरकवलं.

उलटं. बाण भट्टीकडे पाठ करून.

मला कळलं होतं हो. पण सांगायला तोंड कुठे होतं?

दोन आठवड्यांनी रेनो गॅरेजमध्ये बर्फाचं फावडं शोधता शोधता कोसळला आणि गेला. वर माणसं जमली, रडली, कॉफी पिऊन पांगली. मागे उरली त्याची बायको, आर्लिस.

घरातली हवा वरच्या जमिनीतल्या जाळीतून खाली तळघरात ओढली जाते, माझ्यातून गाळून भट्टीत जाते आणि तापून पुन्हा वर येते. त्या हवेबरोबर रेनो कितीतरी दिवस माझ्याकडे येत राहिला. पांढरे केस, लोकरी स्वेटरची लव, खिशात राहिलेला लाकडाचा भुसा. मी सगळं धरून ठेवलं. माझं कामच ते. पण मेलेल्या माणसाला असं कणाकणाने गोळा करताना मला भीती वाटायची.

डिसेंबरात मी गच्च भरलो. उलटा असल्यामुळे जाळीचा आधार नव्हता. भट्टीच्या पंख्याने ओढ घेतली की कापड आत फुगायचं, चौकट वाकायची आणि फटीतून हवा निसटायची. निसटताना आवाज व्हायचा. शीळ. अगदी रेनोसारखी, अर्धीच.

पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा वर आर्लिसच्या हातून बशी पडली. फुटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

त्यानंतर ती जाळीपाशी खुर्ची ओढून बसू लागली. शेजारी दोन कप. "आज तळ्यावरून वारा सुटलाय, रेनो," ती म्हणायची. "वेलदोड्याचा पाव केलाय. तू करायचास तसा फुगला नाही." मग भट्टी सुरू व्हायची, मी वाजायचो आणि ती हसायची. मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई, तो नाही, मी आहे, मला काढ, मी तुझं घर गुदमरवतोय! पण माझ्याकडे आवाज म्हणून जो होता तो हाच. मी जितका तळमळलो तितका रेनोसारखा वाजलो.

जानेवारीत थंडी हाडं फोडायला उठली. माझ्यातून हवा पुरेना, म्हणून भट्टी तापायची आणि जळून जाऊ नये म्हणून आपली आपणच बंद पडायची. घर गारठलं. आर्लिस दोन स्वेटर, वर कोट घालून जाळीपाशी बसून राहिली. पण कुणाला बोलावलं नाही. कुणी आलं असतं तर मला बदललं असतं आणि माझ्या कडेवर रेनोचं शेवटचं अक्षर होतं.

इथे कडाक्याच्या थंडीत शेजारी एकमेकांच्या धुराड्यावर नजर ठेवतात. भर दुपारी शेजारच्या व्हर्नला निएमींच्या धुराड्यातून वाफ दिसेना. म्हातारा बूट दाराशी काढून तडक आत आला.

"अगं आर्लिस, घर आहे की मासे ठेवायची बर्फाची पेटी? ओठ निळे पडलेत तुझे!"

"ओरडू नकोस. रेनो आहे इथे."

व्हर्न तळघराच्या जिन्याकडे वळला. तेवढ्यात भट्टीने धाप टाकली आणि मी वाजलो. जिन्यावर त्याची पावलं अडखळली, पण तो खाली आला. मागोमाग तीही. त्याने झाकण काढलं, मला बाहेर ओढलं. राखेच्या रंगाचा, पोट फुगलेला मी. त्याने आधी तारीख पाहिली, मग बाण, मग खाच. त्याच्या लक्षात आलं.

"हा कारखानासुद्धा ना," तो म्हणाला. "बाणच उलटा छापलाय बघ."

आळ माझ्यावर आला. मी तो आनंदाने घेतला.

"व्हर्न," आर्लिस म्हणाली, "चाळीस वर्षं पत्ते खेळतोयस, अजून तुला थाप मारता येत नाही." मग ती पायरीवर बसली. "तो तीनदा वर आला होता रे. 'बाण कुणीकडे?' विचारत. मी इस्त्री करत होते. म्हटलं, सगळ्या गल्लीला शिकवलंस आणि आता मला विचारतोस? जा, डोकं खाऊ नकोस. एकदा खाली येऊन बघितलं असतं तर? मलाही माहीत होतं ना!"

व्हर्नने फळीवरचा नवा फिल्टर तिच्या हातात दिला.

तिने आधी कात्री आणून माझी तारखेची कड कापून घेतली. माझ्या अंगावरून एक बोट फिरवलं. त्या बोटाला लागलेली धूळ तिने पुसली नाही. मग नवा फिल्टर खाचेपाशी धरला.

"भट्टीकडे, रेनो," ती रिकाम्या तळघराला म्हणाली. "बाण भट्टीकडे."

भट्टी सुरू झाली. हवा सरळ गेली. शीळ आली नाही. ती बराच वेळ कान देऊन उभी राहिली आणि मग खूप रडली.

गाडी कोपऱ्यावर आलीये. रेनोला घेऊन निघतो मी, जेवढा माझ्यात आहे तेवढा. तुमच्याकडे कुणी जिना चढून तेच तेच विचारायला आलं, तर एवढं करा. हातातली इस्त्री खाली ठेवा.